थकव्याचा हिशेब मांडणारे ए. व्ही. हिल

१९२२-२३ च्या सुमारास इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात गवताच्या एका छोट्या धावपट्टीवर एक चमत्कारिक दृश्य दिसत असे. पस्तिशी ओलांडलेले एक प्राध्यापक पाठीवर भली मोठी पिशवी बांधून, नाक चिमट्याने बंद करून आणि तोंडात नळी धरून गोल गोल धावत. एक फेरा जेमतेम ८५ मीटरचा. ठरलेल्या क्षणी नळीची तोटी फिरवली जाई आणि त्यांचा उच्छ्वास पिशवीत साठू लागे. धावणे थांबले तरी प्रयोग संपत नसे. धापा टाकणाऱ्या प्राध्यापकांचा श्वास पुढेही कितीतरी वेळ पिशव्यांमध्ये भरून घेतला जाई आणि मग त्या हवेचे मोजमाप सुरू होई. बघ्याला हा वेडाचा प्रकार वाटला असता तर नवल नव्हते. धावणारे गृहस्थ मात्र थोड्याच काळात नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरणार होते. त्यांचे नाव आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल. आपली ही दोन्ही नावे त्यांना नावडती होती, म्हणून जग त्यांना ए. व्ही. या आद्याक्षरांनीच ओळखत राहिले.

व्यायाम करताना स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि त्यामुळे ते थकतात, ही समजूत आज गल्लोगल्लीच्या व्यायामशाळांत रुळलेली आहे. तिच्यामागचे शास्त्र ज्यांनी उभे केले त्यांत हिल अग्रभागी होते. त्या शास्त्राचा पाया निसटला, तेव्हा तसे जाहीरपणे सांगणारेही हिलच होते. त्यांचे पहिले म्हणणे घरोघरी पोहोचले, दुसरे प्रयोगशाळांच्या उंबरठ्यावरच थांबले.

हिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८६ रोजी ब्रिस्टल येथे झाला. वडील लाकडाचे व्यापारी. मुलगा तीनेक वर्षांचा असताना ते घर सोडून गेले आणि आई एडा यांनी मुलगा व मुलगी या दोघांना ओढाताणीत वाढवले. टिव्हर्टन येथील ब्लंडेल्स शाळेत हिल यांचे गणित चमकले आणि धावण्याची आवडही तिथेच जडली. शिष्यवृत्तीच्या बळावर ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. १९०७ च्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते तिसरे रँग्लर ठरले. मराठी वाचकाला रँग्लर हा शब्द रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे घरचा झालेला आहे. परांजपे १८९९ साली त्याच परीक्षेत सर्वप्रथम आले होते. हा मान मिळवणाऱ्याने आयुष्य गणितात घालवावे, अशीच सर्वांची अपेक्षा. हिल यांचे मन मात्र तिथे रमेना. ट्रिनिटीतील त्यांचे मार्गदर्शक वॉल्टर फ्लेचर यांनी त्यांना शरीरक्रियाशास्त्राकडे वळवले.

या वळणाला एक पार्श्वभूमी होती. दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल प्राण्यांच्या स्नायूंतही आढळते, हे स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८०७ सालीच दाखवले होते. ते तिथे कधी आणि का येते, यावर मात्र शंभर वर्षे निव्वळ गोंधळ होता. बेडकाचा स्नायू बाहेर काढून, कापून, कुटून तपासावा, तर त्या कापाकापीनेच आम्ल तयार होई. १९०७ साली फ्लेचर आणि फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी स्नायू बर्फासारख्या थंड अल्कोहोलमध्ये टाकून ही अडचण दूर केली. प्राणवायू नसताना स्नायूला आकुंचन पावायला लावले की आम्ल साचते आणि प्राणवायू मिळाला की ते नाहीसे होते, असे त्यांना स्वच्छ दिसले. थकलेला स्नायू प्राणवायूत ताजातवाना होतो, हेही त्याच ओघात दिसले. हिल यांच्या हाती आले ते हे ताजे कोडे. केंब्रिजमधील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक लँग्ली यांनी १९०९ मध्ये त्यांना सुचवले की, बेडकाच्या स्नायूचा अभ्यास एखाद्या उष्णतायंत्रासारखा करावा. यंत्र किती काम देते आणि किती उष्णता सांडते, हा हिशेब तिसऱ्या रँग्लरच्या पिंडाला मानवणाराच होता.

उष्णता मोजायची, पण किती? एका आकुंचनाने स्नायूचे तापमान वाढते ते एका अंशाच्या काही हजारांश भागाने. दोन भिन्न धातूंच्या सांध्याला ऊब लागली की त्यात अत्यल्प वीजप्रवाह उत्पन्न होतो, या तत्त्वावरील थर्मोपाइल नावाचे उपकरण हिल यांनी हाती घेतले, ते शिकण्यासाठी जर्मनीला गेले आणि पुढची पन्नास वर्षे ते अधिकाधिक सूक्ष्म करीत राहिले. पहिल्या महायुद्धाच्या आधीच त्यांना एक महत्त्वाची गोष्ट आढळली. स्नायूची उष्णता दोन हप्त्यांत बाहेर पडते. पहिला हप्ता आकुंचनाबरोबर, तत्काळ, आणि त्याला प्राणवायूची गरज नसते. दुसरा हप्ता मागाहून, कित्येक मिनिटे सावकाश, आणि तो प्राणवायू असेल तरच. याचा अर्थ उघड होता. स्नायू काम करतो तेव्हा प्राणवायू जाळून करीत नाही, काम आधी होते आणि प्राणवायू लागतो तो मागचे आवरून ठेवायला. आपण जिना धावत चढतो तेव्हा वर पोहोचल्यावर अधिक धाप का लागते, याचे उत्तर बेडकाच्या मांडीतल्या त्या सूक्ष्म उबेत दडलेले होते.

मग युद्ध आले. हिल यांनी विमानवेधी तोफांच्या माऱ्याचे गणित बसवण्यासाठी तरुण गणितज्ञांची एक तुकडी उभारली. तिच्यात राल्फ फाउलर होते, जे पुढे केंब्रिजमध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे मार्गदर्शक झाले. लष्करी शिस्तीत न बसणाऱ्या या मंडळींना लोक गमतीने हिल यांचे लुटारू म्हणत. युद्ध संपताना हिल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते आणि १९२० मध्ये ते मँचेस्टरला प्राध्यापक म्हणून गेले.

शत्रुराष्ट्रातील कील शहरात ओटो मेयरहोफ नावाचे वैद्य त्याच कोड्यावर रासायनिक बाजूने काम करीत होते. स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल बनते, विश्रांतीच्या काळात त्याचा लहानसा भाग जाळला जातो आणि त्या ज्वलनाच्या बळावर उरलेल्या मोठ्या भागाचे पुन्हा ग्लायकोजेन होते, असे मेयरहोफ यांनी दाखवले. हिल यांची उष्णता आणि मेयरहोफ यांचे रसायन एकमेकांत चपखल बसले. १९२२ चे वैद्यकाचे नोबेल, जे प्रत्यक्षात १९२३ मध्ये जाहीर झाले, दोघांना विभागून मिळाले. तोफा थंडावून पाच वर्षेही झाली नव्हती, तेव्हा एका इंग्रजाने आणि एका जर्मनाने एकत्र सन्मान स्वीकारावा, याचेही त्या काळात मोल होते.

बेडकावरून माणसावर येण्याची हिल यांना घाई झाली होती आणि मँचेस्टरची ती धावपट्टी त्यासाठीच होती. सहकारी हार्टली लप्टन यांच्याबरोबर त्यांनी स्वतःलाच प्रयोगाचे जनावर केले. वेग वाढवत नेला तसा शरीरात घेतला जाणारा प्राणवायू वाढत गेला आणि मिनिटाला सुमारे ४ लिटरवर येऊन थबकला. त्यापुढे वेग वाढवला तरी प्राणवायूचा आकडा हलेना. हृदय आणि फुप्फुसे यांचा पुरवठा तिथे संपत होता. आज मनगटावरची घड्याळे व्हीओ-टू मॅक्स म्हणून जो आकडा दाखवतात, त्याचा उगम या धावण्यात आहे. पण पुरवठा संपला तरी धावणारा लगेच थांबत नाही, काही काळ तो त्याहूनही जोरात धावू शकतो. हे जास्तीचे काम कुठून येते? हिल यांनी त्याला प्राणवायूचे ऋण म्हटले. प्राणवायूविना काम उरकताना लॅक्टिक आम्ल साचते, ते जणू उधारीच्या वहीत मांडले जाते आणि धावणे संपल्यावर माणूस धापा टाकत ती उधारी फेडतो. दमदार धावपटू पंधरा लिटरांहून अधिक ऋण अंगावर घेऊ शकतो, असे त्यांच्या मोजमापांत आले. ऋणाची मर्यादा गाठली, आम्लाचे प्रमाण हाताबाहेर गेले की स्नायू काम नाकारतो. त्यांच्या लेखी थकवा तो हाच.

ही उपमा लोकांच्या मनात झटकन उतरली यात आश्चर्य नाही. उसनवारी सर्वांनाच कळते. शिवाय सांगणारा स्वतः धावून आलेला होता. १९२३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले आणि १९२५ साली त्यांनी धावणे, पोहणे, सायकल अशा शर्यतींचे जागतिक उच्चांक आलेखावर मांडले. अंतर वाढते तसा वेग कसा उतरत जातो, याची रेषा इतकी नियमित निघाली की खेळाडूंची जिद्द, नशीब, हवामान या सर्वांच्या तळाशी शरीराचे एक गणित आहे, हे पटू लागले. १९२७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी धावपटूंच्या अंगावर चुंबकित पोलादी पट्टी बांधली आणि वाटेवर ठरावीक अंतरावर तारांची वेटोळी ठेवली. धावपटू वेटोळ्यासमोरून गेला की वीजप्रवाहाचा ठिपका नोंदला जाई. सर्वांत वेगवान माणूसही आपला कमाल वेग अवघ्या काही सेकंदांत गाठतो आणि तो शेवटपर्यंत टिकवू शकत नाही, हे त्यातून डोळ्यांना दिसले. असल्या संशोधनाचा उपयोग काय, असा प्रश्न त्यांना अमेरिकेतील एका व्याख्यानानंतर विचारण्यात आला होता. मजा येते म्हणून करतो, अशा अर्थाचे उत्तर देऊन ते मोकळे झाले.

याच वर्षांत त्यांनी आणखी एक शक्यता बोलून दाखवली होती. अतिश्रमात सर्वाधिक धोका असतो तो हृदयाला. त्याचाच प्राणवायू कमी पडला तर माणूस जिवाला मुकेल. तरीही निरोगी माणूस धावता धावता मरत नाही. तेव्हा हृदयाचा वेग वेळीच आवरणारा एखादा नियंत्रक शरीरात असावा, वाफेच्या इंजिनावर असतो तसा, असे त्यांनी १९२४ च्या सुमारास मांडले. या कल्पनेकडे तेव्हा कुणी फारसे पाहिले नाही. लॅक्टिक आम्लाचे चित्र इतके पूर्ण वाटत होते की नियंत्रकाची कुणाला उणीवच भासली नाही.

आणि मग ते चित्र फाटले. पहिला टाका उसवला तो हिल यांच्याच विभागात. १९२७ मध्ये फिलिप आणि ग्रेस एगल्टन या दांपत्याला बेडकाच्या स्नायूंत फॉस्फरसयुक्त असा एक अस्थिर पदार्थ आढळला, जो आकुंचनात घटतो आणि विश्रांतीत पुन्हा भरून येतो. त्याच वर्षी बोस्टनच्या हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात सायरस फिस्क आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी त्या पदार्थाची रचना ओळखली. तो होता फॉस्फोक्रिएटिन. सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे. कर्ज काढून आणि हलाखी सोसून अमेरिकेत पोहोचलेल्या या संशोधकाचे नाव भारतातही पुरेसे घेतले जात नाही. दोनच वर्षांनी फिस्क आणि सुब्बाराव यांना, तसेच मेयरहोफ यांच्या प्रयोगशाळेतील कार्ल लोहमान यांना, एटीपी हा पदार्थ सापडला. स्नायूंच्या हालचालीचे खरे रोख चलन तेच, हे पुढे सिद्ध झाले. तरीही लॅक्टिक आम्लाचे सिंहासन लगेच डळमळले नाही.

घाव घातला तो कोपनहेगनच्या आयनर लुंड्सगार्ड यांनी, १९३० मध्ये. आयडोअॅसेटिक आम्लाचे विष दिलेल्या प्राण्यांचे स्नायू मृत्यूनंतर ताठ झाले, पण त्यांत लॅक्टिक आम्लाचा मागमूस नव्हता. हे विष दिलेला बेडकाचा स्नायू आकुंचन पावत होता, पुन्हा पुन्हा पावत होता, शेवटी दमून ताठरत होता, आणि या सर्व काळात लॅक्टिक आम्ल तयार होतच नव्हते. घटत होते ते फॉस्फोक्रिएटिन. जे आम्ल स्नायूच्या हालचालीचा उगम मानले होते, त्याच्यावाचूनही स्नायू चालतो आणि थकतोही, हे कुणीही प्रयोग करून पाहू शकत होते.

हिल तेव्हा पंचेचाळिशीत होते, नोबेलविजेते होते आणि त्यांच्या नावावर उभी असलेली इमारत एका तरुण डेन संशोधकाने पाडली होती. शंका काढत बसण्याची, विष दिलेला स्नायू म्हणजे खरा स्नायू नव्हे असे म्हणण्याची सोय होती. त्यांनी ती वापरली नाही. १९३२ साली त्यांनी स्नायूशास्त्रातील क्रांती अशा अर्थाच्या शीर्षकाचा दीर्घ लेख प्रसिद्ध करून जुना सिद्धांत टिकत नाही, हे मान्य केले आणि नव्या शोधांचे स्वागत केले. त्यांची उष्णतेची मोजमापे खोटी ठरली नव्हती, ठरला होता त्यांचा अर्थ. विज्ञानात हे रोज घडते असे पुस्तके सांगतात, प्रत्यक्षात ते असे उघडपणे फार क्वचित घडते. हिल पुन्हा मोजमापांकडे वळले आणि १९३८ मध्ये त्यांनी स्नायूवरील भार आणि आकुंचनाचा वेग यांचा संबंध एका लहानशा समीकरणात बसवला. जड वस्तू हळू उचलली जाते, हलकी झटकन, या साध्या अनुभवाचे ते गणित आहे. कृत्रिम पायांपासून धावपटूंच्या संगणकीय प्रतिकृतींपर्यंत हे समीकरण आजही वापरात आहे.

त्या दशकात त्यांचा बराच वेळ प्रयोगशाळेबाहेर जात होता. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात करताच विल्यम बेव्हरिज, अर्नेस्ट रदरफोर्ड आणि हिल यांनी निर्वासित विद्वानांना आधार देणारी परिषद उभी केली. नाझींची बाजू घेणारे जर्मन नोबेलविजेते योहानेस श्टार्क यांच्याशी हिल यांचा ‘नेचर’ या नियतकालिकातून जाहीर वाद झडला. लाइपझिगहून बर्नार्ड कॅट्झ नावाचा तरुण वैद्य १९३५ मध्ये लंडनला त्यांच्या प्रयोगशाळेत आला, तो याच काळात. इकडे त्यांचे नोबेलचे भागीदार मेयरहोफ यांनाही १९३८ मध्ये जर्मनी सोडावी लागली. पॅरिस पडल्यावर ते स्पेनमार्गे अमेरिकेला पोहोचले. हिल या काळात रडारच्या विकासाला चालना देणाऱ्या सरकारी समितीवर होते आणि १९४० ते १९४५ केंब्रिज विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश संसदेत बसत होते.

नोव्हेंबर १९४३ मध्ये ते भारतात आले. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत असतानाचे ते दिवस. युद्धानंतर भारतातील वैज्ञानिक संशोधनाची घडी कशी बसवावी, हे सुचवण्यासाठी सरकारने त्यांना बोलावले होते. एप्रिल १९४४ पर्यंत त्यांनी देशभरातील विद्यापीठे, रुग्णालये आणि प्रयोगशाळा पाहिल्या. आरोग्य, अन्न आणि लोकसंख्या हे प्रश्न विज्ञानाने हाती घेतल्याशिवाय सुटणार नाहीत, असा त्यांच्या अहवालाचा रोख होता. वैद्यकाचे अध्यापन आणि संशोधन एकाच छताखाली करणारे, पूर्णवेळ शिक्षकांचे एक अखिल भारतीय केंद्र उभारावे, ही त्यांची सूचना भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात आली आणि दिल्लीतील एम्स १९५६ मध्ये अस्तित्वात आले. परक्या सत्तेच्या पाहुण्याने दिलेला सल्ला म्हणून त्याकडे पाहता येईल, पण एम्सच्या जन्मकथेतून हिल यांचे नाव वगळता येत नाही.

थकव्याच्या शास्त्राने पुढे बराच प्रवास केला. जोरकस व्यायामात स्नायूंतील आम्लता वाढते, हे खरेच आहे. पण लॅक्टेट हा कचरा नसून हृदय, मेंदू आणि इतर स्नायू वापरू शकतील असे इंधन आहे, हे कॅलिफोर्नियातील जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिले. व्यायाम थांबल्यावर तासाभरात त्याची पातळी बहुतेक पूर्ववत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला देणे म्हणूनच चूक आहे. ते दुखणे सवय नसलेल्या श्रमाने तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे. खुद्द थकव्याची कारणे एकाहून अधिक आहेत. फॉस्फोक्रिएटिन फुटून साचलेले फॉस्फेट, स्नायूपेशीत कॅल्शियम सुटण्याची मंदावलेली क्रिया, आटलेले ग्लायकोजेन, आणि मेंदूकडून येणारा क्षीण होत जाणारा आदेश. हिल यांचा विसरलेला नियंत्रकही परत आला. दक्षिण आफ्रिकेतील टिमोथी नोक्स यांनी १९९० च्या दशकात त्याला हृदयाऐवजी मेंदूत जागा दिली आणि श्रेय हिल यांना दिले. शरीर पूर्ण थकण्याआधीच मेंदू आपल्याला थांबवतो, असे त्यांचे म्हणणे. शास्त्रज्ञांत यावर अजून वाद आहे.

हिल १९५० च्या दशकात निवृत्त झाले, ते फक्त कागदोपत्री. ऐंशीच्या घरात पोहोचेपर्यंत ते लंडनच्या प्रयोगशाळेत येऊन बेडकाच्या स्नायूची उष्णता मोजत होते. त्यांच्या पत्नी मार्गारेट, अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या भगिनी, लंडनच्या हायगेट भागात वृद्धांसाठी निवासगृहे चालवण्यात रमल्या होत्या. १९६७ मध्ये हिल केंब्रिजला परतले. ३ जून १९७७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीने त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. ते लिहिले होते बर्नार्ड कॅट्झ यांनी, जे १९३५ मध्ये हिल यांच्या दारी निर्वासित म्हणून आले होते आणि १९७० मध्ये स्वतः नोबेल मिळवून बसले होते.